चेटकिणीची विहीर आणि माझा हूं

गोष्ट सुरू झाली की मी आधी बघते, गावाबाहेर कोण राहतं. ही सवय फार जुनी आहे. राजा मधोमध राहतो, प्रधान त्याच्या शेजारी, व्यापारी पेठेत. राक्षस, हडळ आणि चेटकीण मात्र नाल्यापलीकडे, जिथे वस्ती संपते तिथे. आमचं घरही नाल्यापलीकडेच होतं. त्यामुळे असला पत्ता वाचला की मला वाटायचं, इथे काहीतरी गडबड आहे, ही माणसं माझ्या ओळखीची आहेत.

आमच्या शाळेच्या कपाटात गोष्टींचं एक पुस्तक होतं. त्यात एक चेटकीण होती. गावातल्या सगळ्या विहिरी आटलेल्या, फक्त तिच्या विहिरीला पाणी. राजपुत्र घोड्यावरून येतो, तलवारीने तिचं मुंडकं उडवतो, गावाला पाणी मिळतं आणि राजपुत्राला राजकन्या मिळते. वाचून झाल्यावर गुरुजींनी विचारलं, "बोध काय घ्याल?"

सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "वाइटाचा शेवट वाईट होतो."

मी हात वर केला. "गुरुजी, तिनं वाईट काय केलं?"

"चेटकीण होती ती."

"हो, पण केलं काय?"

"खाली बस. फार शहाणी झालीस."

मी खाली बसले. समाधान तेव्हाही झालं नव्हतं आणि अजूनही झालेलं नाही.

घरी मायकडे हीच गोष्ट होती, पण वेगळी. माय जिनिंगच्या कारखान्यात कापूस निवडायला जायची. शाळा तिनं बाहेरूनच पाहिलेली. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव नदीत सोडले होते, पण भुतंखेतं गोष्टींमधून राहून गेली. शेजारचं कोणी त्यावरून बोललं की माय म्हणायची, "देव सोडले बापा, गोष्टी कायले सोडू? त्या तं आपल्याच हायेत."

तिची चेटकीण मरत नसे. राजपुत्र तलवार घेऊन यायचा, तर विहिरीपाशी एक म्हातारी पाय धूत बसलेली. दोन शब्द बोलल्यावर त्याच्या लक्षात यायचं की ही साधी बाई आहे, गावानेच तिला चेटकीण ठरवून बाहेर काढलंय. मग तो तलवार खाली ठेवायचा आणि म्हणायचा, "चुकलं आमचं. आता पानी दे."

इथे माय थांबायची आणि आमच्याकडे बघायची.

आमच्याकडे गोष्ट ऐकणाऱ्याने हूं द्यायचा असतो. वाक्य संपलं की हूं. हूं आला नाही तर सांगणारा ऐकणाऱ्याला झोप लागली असं धरतो आणि उठतो. ही रीत पुष्कळ घरांत आहे. आमच्या घरात मात्र तिला एक जास्तीचं वळण लागलं होतं. राजपुत्राच्या "चुकलं" नंतर आम्ही भावंडं डोळे टक्क उघडे ठेवून गप्प बसायचो. जागे आहोत आणि तरी हूं देत नाही, याचा अर्थ मायने असा घ्यायचा की एवढ्यावर भागलेलं नाही. मग ती राजपुत्राला कामाला लावायची. तो म्हातारीचं अंगण झाडायचा. आम्ही गप्प. घोडा विकून तिचं छप्पर शाकारायचा. गप्प. सगळं गाव गोळा करून विचारायचा, हिला चेटकीण पहिल्यांदा कोण म्हणालं? गाव माना खाली घालायचं. तरी गप्प. माझा भाऊ म्हणायचा, "त्याले डोक्यावर पानी भरू दे." मग राजपुत्र डोक्यावर गुंडी, म्हणजे पाण्याची घागर, घेऊन तिच्याच विहिरीवरून तिच्याच घरी पाणी भरायचा, आणि माय त्याच्या मुकुटावरून ओघळणारं पाणीसुद्धा सांगायची. आमचं मन भरलं की आम्ही हूं द्यायचो. त्या क्षणी म्हातारी म्हणायची, "घ्या पानी," आणि गोष्ट संपायची. कधी लवकर संपे, कधी राजपुत्र घामाघूम होई. आमच्या घरातली एकही गोष्ट आम्ही कबूल झाल्याशिवाय संपलेली नाही.

पदवी आमच्या घरात माझ्यापासून सुरू झाली. पुण्यातल्या मुलाखतीत मी हे वाक्य पहिल्यांदा सांगितलं, कारण तोवर मी केलेलं तेच सगळ्यात मोठं काम होतं. खोलीतल्या दोघी मैत्रिणी सकाळी हिंजवडीच्या बसला धावायच्या, गळ्यात पट्टा, पट्ट्याला कार्ड. मी चालत कामावर जायचे. एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं, तिथे मुलांसाठी गोष्टींच्या सीडी बनायच्या. संगणक नुकते घरोघरी येत होते. आईबाप मुलांना ते खेळण्यासाठी घेऊन द्यायचे आणि अभ्यासासाठी घेतला म्हणून सांगायचे. परदेशात गेलेल्यांच्या मुलांसाठी म्हणूनही या सीडी जायच्या. मी प्रोबेशनवर होते. काम काय, तर गोष्टी लिहून द्यायच्या आणि रेकॉर्डिंगच्या वेळी मजकूर हातात धरून बसायचं.

आमच्या प्रमुख मॅडम पेठेतल्या. सगळ्यांना अहो-जाहो. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "गाव कुठलं आपलं?"

मी सांगितलं.

"नाही, मूळचं?"

"मूळचंही तेच."

"बरं बरं."

पुण्यातलं "बरं बरं" हे पूर्ण वाक्य असतं, हे मला त्याच दिवशी कळलं.

जुन्या गोष्टी जशाच्या तशा द्यायच्या नाहीत, असं मॅडमचं धोरण होतं. मुंडकी उडवणं बंद. कोणी जन्मतः दुष्ट नाही. राक्षसाची बाजू ऐकायची, चेटकिणीचं दुःख समजून घ्यायचं. आता मला सांगा, चौथीत असताना मी ज्या प्रश्नासाठी खाली बसले, तोच प्रश्न कोणीतरी पगार देऊन विचारत होतं. मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला तो संशय. बारीक बघायला लागले तेव्हा एकेक दिसू लागलं. आमच्या सीडीतला राक्षस चांगला झाला की लगेच शाकाहारी व्हायचा. चित्रकाराने एक चेटकीण आधी काळी रंगवली होती. गोष्टीत ती चांगली निघते म्हणताच पुढच्या चित्रात ती गव्हाळ झाली. मी विचारलं, "हिचा रंग का बदलला?" तर तो मान न उचलता म्हणाला, "आता ती पॉझिटिव्ह आहे ना!"

हे आता जगभर झालंय. हल्ली मी काम करते त्या खराडीच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत पोरं मला सांगतात, "मॅम, आता व्हिलनची पण बॅकस्टोरी असते, बघाच तुम्ही." मी बघते. राक्षसाला लहानपणी कोणीतरी छळलेलं असतं, चेटकिणीचं मन मोडलेलं असतं, सगळं पटतं. पण शेवटाकडे आले की मी सावध होते. ज्यांनी छळलं त्यांचं पुढे काय झालं, हे फार कमी ठिकाणी सांगतात.

तर एकदा चहाच्या वेळी मी मायची गोष्ट मॅडमना सांगितली. राजपुत्राने डोक्यावर पाणी भरलं तिथपर्यंत. त्यांनी कप खाली ठेवला. "अहो, हे सोनं आहे सोनं. आपल्या आईंनाच बोलवू या. त्यांच्याच आवाजात."

सोनं म्हटलं की कोणीतरी कुदळ शोधत असतं, असं माझ्या मनात आलं. पण मायचा आवाज संगणकातून येणार, या विचाराने मी ते बाजूला सारलं. आमच्या वस्तीत हे कळल्यावर मायला स्टेशनवर पोचवायला निम्मी वस्ती आली होती.

स्टुडिओ म्हणजे बंगल्याचीच एक खोली, भिंतींना गोणपाट आणि जाड गाद्या लावलेली, मधे काच. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट, डोक्यावर टक्कल पडलेले गृहस्थ, पूर्वी ऑर्केस्ट्रात होते. त्यांनी मायच्या कानावर हेडफोन चढवला.

"हे कायले? मी बहिरी हाये का?"

"मावशी, माझं बोलणं तुम्हाला ऐकू यायला."

"तुम्ही तं समोरच हाव ना."

लाल दिवा लागला. माय म्हणाली, "एक गाव होतं," आणि थांबली. दिवा चालूच. माय काचेकडे बघतेय, रेकॉर्डिस्ट मायकडे.

"मावशी, थांबू नका."

"ऐकून कोन राह्यलं?"

"मी ऐकतोय."

"मंग हूं द्या ना."

"हूं दिला तर तो पण रेकॉर्ड होईल हो."

"होऊ द्या ना बापा. ऐकलंच तं लपवाचं कायले?"

काचेपलीकडे उभ्या असलेल्या मॅडम हसल्या. त्यांनाच कल्पना सुचली, की हूं राहू दे, छान गावरान वाटेल. मला मायसमोर बसवलं आणि माझ्यापुढे वेगळा माइक लावला. मग गोष्ट निघाली. विहिरी आटल्या, हूं. एकीला पाणी होतं, हूं. राजपुत्र आला, हूं. राजपुत्र म्हणाला, "चुकलं आमचं. आता पानी दे."

माय थांबली. मीही.

काचेपलीकडे मॅडमनी घड्याळ बघितलं. ते बघून तर मी ओठ आणखी घट्ट मिटले. मायच्या डोळ्यांत हसू आलं, आणि राजपुत्र अंगण झाडायला लागला. त्या दिवशी त्याची सुटका लवकर झाली नाही. छप्पर झालं, गावाची पंचाईत झाली, गुंड्या भरून झाल्या. शेवटी माझ्याच डोळ्यांसमोर तो दमलेला पोरगा आला तेव्हा मी हूं दिला. हळू आणि जड. मायने लगेच म्हटलं, "घ्या पानी." बाहेर आल्यावर ती माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "अजून तशीच हायेस."

काही दिवसांनी, माय गावी परत गेल्यावर, तयार झालेली गोष्ट तपासायला माझ्याकडे आली. ती मी एका बैठकीत ऐकली.

राजपुत्र म्हणाला, "चुकलं आमचं. आता पानी दे."

"हूं."

"घ्या पानी."

मग बासरी.

मी मागे नेऊन पुन्हा ऐकलं. अंगण नाही, छप्पर नाही, गाव नाही. आणि तो हूं माझाच होता, पण तिथला नव्हता. तो चटकन दिलेला, उत्साहाचा हूं होता, एकीला पाणी होतं त्या वाक्याचा. तिथून उचलून त्यांनी तो राजपुत्राच्या माफीला चिकटवला होता. म्हणजे त्याने नुसतं चुकलं म्हटलं आणि मी, माझ्या मायसमोर, लगेच कबूल झाले. ज्यांना कोणाला ही सीडी मिळेल त्यांच्या घरात मी कायमची कबूल होणार होते. आमच्या वस्तीतही.

मी रेकॉर्डिस्टकडे गेले. "हा हूं मी इथे दिला नव्हता."

"ताई, जोडायला हूं लागतो. नाहीतर कट कळतो."

"पण तो दुसऱ्या वाक्याचा आहे."

"हूं तो हूं. त्याच्यात काय वेगळं? वरून सांगितलं, लांबी कमी करा. केली."

मग मी वर, म्हणजे मॅडमच्या खोलीत गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्या वाईट नव्हत्या, हे मला तेव्हाही माहीत होतं, आणि म्हणूनच मी जास्त सावध होते.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "मुलांसाठी आहे हे. कोणी मनापासून माफी मागितली की माफ करावं, यात गैर काय?"

"मनापासून हे कुणी ठरवलं? तुम्ही तर पुढचं सगळं कापलंत."

"अहो, चेटकिणीला आपण किती चांगलं दाखवलंय. जुन्या गोष्टीत तिला मारून टाकतात."

"जुन्या गोष्टीत मारतात. या गोष्टीत माफ करायला लावतात. विहीर दोन्हीकडे गावालाच जाते."

मॅडमनी खुर्ची मागे सरकवली. "तुम्ही फार संशयी आहात हो."

"आहे."

"पुढच्या आठवड्यात मास्टर सीडी जातेय. तुमचं कन्फर्मेशनही माझ्याच टेबलावर आहे. म्हणजे, या दोन्हींचा संबंध नाही."

"संबंध नसता तर दोन्ही गोष्टी एका दमात आल्या नसत्या."

हे मी बोलून गेले. खोलीचं भाडं, गावी सांगितलेली नोकरी, सगळं एकदम आठवलं. पण शब्द परत घेता येत नाही. मी म्हटलं, "गोष्ट तुम्ही काढून टाकली तरी चालेल. माझा हूं तिथे नको. मी तो दिलेला नाही."

"एका हूंसाठी?"

"आमच्याकडे तेवढंच मागतात ऐकणाऱ्याकडून."

त्यांनी जिना उतरून स्टुडिओ गाठला. मी मागोमाग. रेकॉर्डिस्टला म्हणाल्या, "न कापलेलं लावा." हेडफोन चढवून उभ्यानेच ऐकू लागल्या. टेबलावरच्या बारक्या स्पीकरमधून मलाही ऐकू येत होतं, आणि मी त्यांचा चेहरा बघत होते. छपरापर्यंत ठीक होता. गाव माना खाली घालतं तिथे त्यांनी टेबलाची कड धरली. पाणी भरणं सुरू झालं तेव्हा चुळबुळल्या. "अहो, किती वेळ पाणी भरायचं त्यानं?"

"तुम्हाला पुरेसं वाटलं तर तुम्ही हूं म्हणा."

त्यांनी तोंड उघडलं. मग रेकॉर्डिस्टकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हेडफोन काढून ठेवला. हूं काही म्हणाल्या नाहीत.

"एवढी लांबी नाही बसत सीडीत," त्या म्हणाल्या. "यांचा हूं काढा तिथला. बाकी तसंच जाऊ दे."

"मॅडम, कट कळेल," रेकॉर्डिस्ट कळवळून म्हणाले. "मधे भोक पडेल नुसतं."

"पडू दे."

मला याहून जास्त मिळालं नाही. कन्फर्मेशनचं पत्र पुढे आलं. ते हातात आल्यावर लोक पेढे आणतात. मी ते बसून सावकाश वाचलं, दोन्ही बाजूंनी, कुठे काही अडकवलंय का ते बघायला. काही सापडलं नाही. त्यामुळे आणखी काही दिवस मला चैन पडलं नाही. मॅडम मात्र त्यानंतर माझ्याशी पूर्वीसारख्याच वागल्या. त्याचा अर्थ मी आजवर लावू शकलेले नाही.

सीडी आली तेव्हा मी एक प्रत घेऊन गावी गेले. तालुक्याला नवीन सायबर कॅफे निघाला होता. प्लायवुडच्या खोक्यासारख्या एका जागेत मी आणि माय खुर्च्या ओढून बसलो. मालकाने सीडी लावून दिली आणि, मायचा आवाज ऐकून, तोही मागे उभा राहिला.

माय मान हलवत ऐकत होती. चित्रातली गव्हाळ म्हातारी बघून म्हणाली, "हे कोन्या सावकाराची बायको हाये का?" मग राजपुत्राने तलवार खाली ठेवली. "चुकलं आमचं. आता पानी दे."

संगणकातून काहीच आलं नाही. बासरीसुद्धा नाही. नुसता पंख्याचा आवाज. मग मायचाच आवाज, "घ्या पानी."

"इथं तुहा हूं होता का?" मायने विचारलं.

"त्यांनी दुसरीकडचा आणून लावला होता. मी काढायला लावला."

"हाव." तिने पदराने पडद्यावरची धूळ पुसली. "मी असती तं दिला असता."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काही चुकतंय. "नुसत्या चुकलं म्हणण्यावर?"

"गावात पोट्टेसोट्टे असतीन ना बाई. त्यायले तहान लागली असन. राजपुत्र गेला खड्ड्यात, पोट्ट्यायले किती येळ उभं ठेवतं?"

हे मला कधीच सुचलं नव्हतं. इतकी वर्षं मी गावाबाहेर कोण राहतं तेच बघत होते. मला राग आला, नेमका कोणाचा ते कळेना. "मग लहानपणी आम्हाला का नाही सांगितलंस? आम्ही त्याला राबवत होतो तेव्हा गप्प का बसलीस?"

"मी कायले सांगू? हूं तुमचा होता. माहा थोडीच होता."

मालक मागून म्हणाला, "मावशी, झकास सांगता तुम्ही."

"पुन्हा लाव," माय त्याला म्हणाली.

त्याने सुरुवातीपासून लावलं. विहिरी आटल्या, एकीला पाणी होतं, राजपुत्र आला. "चुकलं आमचं" झाल्यावर पुन्हा ती शांतता आली, आणि माय पडद्यावरची नजर काढून माझ्याकडे बघायला लागली. घाई न करता, पूर्वीसारखीच. मला गावातली पोरं दिसत होती आणि राजपुत्राचा कोरडा मुकुटही दिसत होता. मी हूं दिला नाही. संगणकातल्या म्हातारीने तरीही पाणी दिलं.